भाव पुकारणाऱ्या बाई

"बाटली?" मी मान वर न करता विचारलं.

"न्हाय आणली."

"मग औषध कशात देऊ? पदरात?"

खिडकीपुढची रांग हसली. आमच्या बारामतीच्या दवाखान्यात औषधासाठी बाटली घरून आणावी लागे, आणि ती विसरून येणारं रोज कुणी ना कुणी असे. त्यांच्यासाठी हा विनोद मी तयारच ठेवलेला होता. वर्षानुवर्षं तोच एक वापरून मी स्वतःला विनोदी माणूस समजत असे.

"औषध नगं," खिडकीपलीकडून आवाज आला. "नर्स हाय मी. आजपासनं हितं. पगार पंचावन्न. तुमचा?"

मी वर पाहिलं. पांढरं पातळ, सावळा रुंद चेहरा, कपाळ मोकळं, खांद्याशी पिनेने अडकवलेलं पुरुषी घड्याळ. मी इतका गडबडलो, की म्हणालो, "दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर."

आता रांग मला हसली. बाई हसल्या नाहीत. "बरं, सवडीनं सांगा," म्हणाल्या आणि आत गेल्या.

नव्या माणसाला ओळख करून देताना आपण गाव सांगतो, आडनाव सांगतो, फार तर कुणाचे कोण ते सांगतो. बाई पगार सांगत. मामलेदारांच्या कुटुंबाला त्यांनी तो सांगितला, सुईला घाबरून भोकाड पसरलेल्या पोराच्या आजीला सांगितला, दुधाचा रतीब घालणाऱ्यालाही सांगितला. त्यात फुशारकी नसे आणि गाऱ्हाणंही नसे. वजन सांगावं तसा आवाज. लाजायचं ते ऐकणाऱ्याने. आपल्याकडे दुसऱ्याचा पगार कानावर पडणं म्हणजे चुकून न्हाणीघराचं दार उघडल्यासारखंच.

आमच्या डॉक्टरसाहेबांनाही त्यांनी सोडलं नाही. डॉक्टर म्हातारे आणि सज्जन. ते म्हणाले, "बाई, माझा मला माहीत नाही. तो परस्पर घरी पोचतो. घरी विचारून सांगतो." आणि दुसऱ्या दिवशी खरंच आठवणीने म्हणाले, "विचारलं. सांगत नाही म्हणाली."

बाई पणदऱ्याच्या. माहेरी ऊस, भाऊ तीन-चार. लग्नानंतर लवकरच नवरा गेला आणि भावांनी घरी आणली. "खाऊन-पिऊन राहा" म्हणाले. बाई पुण्याला जाऊन नर्सिंग शिकून आल्या. "भाऊ घालत व्हते खायला," त्या सांगत, "पर वयन्यांचं डोळं भाकरीवर. म्हटलं, आपली भाकरी आपुन थापावी."

त्यांची आणि माझी गट्टी जमायला वेळ लागला. बाळंतपणं करणारी नर्स म्हणून दवाखान्यात त्या एकट्याच. सकाळी ओटीवर याव्यात तर दारात बैलगाडी सोडलेली असे आणि गाडीवान म्हणे, "बाई, चला, वस्तीवर बोलावलंय." की चालल्या. दुपारी परत येत, तोवर दुसरी गाडी. आमच्या धाकटीच्या वेळीही त्याच होत्या. सगळं उरकल्यावर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून त्यांनी पेलाभर चहा घेतला आणि बायकोशी हळू आवाजात कितीतरी वेळ बोलल्या. काय बोलल्या ते मला कुणी सांगितलं नाही, आणि मी जगातला एकमेव बाप असल्यासारखा ओटीवर फेऱ्या मारण्यात गुंतलो होतो.

एकदा दोघं पट्ट्या कापत असताना मी धीर करून विचारलं, "बाई, एक विचारू? हे पगार सांगत सुटायचं कशाला?"

"झाकायचा कशापायी? जखम हाय का ती?" त्या म्हणाल्या. "आन् जखमबी झाकून झाकून नासतीच." मग कात्री खाली ठेवून म्हणाल्या, "माझा बाप हितं बारामतीला गूळ घिऊन यायचा. अडत्या आन् गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालायचं, बोटं दाबायचं. भाव त्या दोघांस्नी ठावं. बाप आपला बाजूला हुबा, जसा काय दुसऱ्याचाच गूळ. आता मार्केट कमिटी झाली. रुमाल गेला. उघडा लिलाव होतो, पार रस्त्याला ऐकू जातं. गुळाचा भाव पुकारत्यात, मग माझा का न्हाय पुकारायचा?"

"अहो, गूळ आणि माणूस सारखं का?"

"न्हाय ना. गूळ मधनंमधनं चढतो तरी."

आता आमच्या पगाराची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

दवाखाना एका कमिटीचा होता. गावातल्या व्यापाऱ्यांनी आणि बागाईतदारांनी वर्गणी काढून चालवलेला. कमिटीचे सेक्रेटरी गुळाचे अडते. त्यांना सगळे तात्या म्हणत. पगार दवाखान्यात होत नसे, तात्यांच्या अडतीवर होई. बाहेर गादीवर मुनीम, पायरीवर हमाल, आणि आत गुळाच्या ढेपांनी भरलेली एक अंधारी खोली. त्या खोलीत तात्या आम्हाला एकेकाला बोलावत. नोटा हातात ठेवत, स्वतःच्या हाताने आमची बोटं त्यांवर मिटवत, आणि कानाशी येऊन म्हणत, "तुमचेच दोन रुपये जास्त केलेत हो. बाहेर बोलू नका. बाकीच्यांना वाईट वाटेल."

रुमाल मार्केटातून गेला होता. तात्यांच्या बोटांतून गेला नव्हता.

मूठ मिटून बाहेर यायचं, पायरीवर बसलेल्या, दवाखान्यात जखमा बांधणाऱ्या ड्रेसरकडे न बघता चप्पल शोधायची आणि चालू लागायचं, ही आमची रीत. मला तर रस्ताभर अपराधी वाटे. बिचारा ड्रेसर, आपल्यापेक्षा जास्त राबतो, आणि वरचे दोन मात्र आपल्याला. तात्यांची माणसाची पारख मोठी, असंही वाटे.

बाईंनी पहिल्याच महिन्यात ही रीत मोडली. आतून आल्या, दुकानाच्या पायरीवर उभ्या राहिल्या, मूठ उघडली आणि लिलावात पुकारावं तसं म्हणाल्या, "पंचावन्न!"

हमाल हसले. एकजण म्हणाला, "छप्पन!" आणखी हशा. आत तात्या हसले की नाही ते दिसलं नाही. पण बाईंच्या कानाशी ते कधी गेले नाहीत. जाऊन उपयोग काय होता?

भवानीनगरला साखर कारखाना नुकताच सुरू झाला होता. बाईंचा एक भाचा तिथे लागला. तो सांगत आला की तिथे कुठल्या कामाला किती, हे कागदावर लिहून भिंतीला लावलंय, आणि कामगार साहेबाकडे जातात ते घोळक्याने जातात. बाईंनी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आम्हा चौघांना गाठलं. मी, ड्रेसर, आया आणि शिपाई.

"महागाई कुठं चाललीया बघताय न्हवं? मी तात्यास्नी इचारणार हाय, समद्यांना पाच रुपये भत्ता द्या आन् पगाराचा कागद भिंतीला लावा. पर मला तुमचं आकडे कळाय पायजेत. कंपाउंडर, तुमी बोला. उघड बोला."

माझा पगार बावन्न. आता बावन्न म्हणावं तर ते चोरटे दोन रुपये ड्रेसरसमोर उघडे पडणार, त्याला वाईट वाटणार, तात्यांचा विश्वासघात होणार तो वेगळाच. मी म्हणालो, "पन्नास." सासुरवाडीला साठ सांगितलेला, दवाखान्यात पन्नास. खरा बावन्न कुणाच्याच वाट्याला आला नाही.

ड्रेसरने चाळीस सांगितला. शिपायाने पंचवीस. आया पदराचं टोक चावत म्हणाली, "वीस."

बाई ते आकडे घेऊन ताठ मानेने तात्यांकडे गेल्या. आणि फार लवकर परत आल्या.

मी तेव्हा खलबत्त्यात काहीतरी कुटत होतो, बाकीचे तिघंही तिथेच होते. बाई स्टुलावर बसल्या. दवाखान्यात त्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं असेन.

"तात्या हसलं मला," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं कंपाउंडराला पन्नास. ते म्हणाले, बावन्न देतो की. मी म्हटलं आयाला वीस. म्हणाले, बावीस. म्हणाले, बाई, तुमचीच माणसं तुमाला खरं सांगत न्हाईत, आन् तुमी त्यांच्या वतीनं भांडाय आलाय?" मग आमच्याकडे एकेकाकडे बघत त्यांनी विचारलं, "दोन-दोन रुपये कुनी झाकलं?"

ड्रेसर पट्ट्या गुंडाळू लागला. शेवटी आया रडकुंडीला येऊन म्हणाली, "मला तात्यांनी बोलू नगं म्हणून बजावलं व्हतं बाई. म्हणालं, तुलाच देतोय."

"तुला?" ड्रेसर ताडकन वळला. "अगं, मला देत्यात की!"

"मला बी," शिपाई म्हणाला.

मग तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी बत्ता ठेवून मान हलवली.

त्या दिवशी आम्हाला एक नवीनच गोष्ट कळली. आम्ही एकमेकांशी इतकं गोड का वागत होतो, ते. ड्रेसर दर आठवड्याला शेतातली वांगी मला आणून देई. मी त्याच्या पोरांना ताकदीचं औषध स्वतः घोटून देई. शिपाई आयाच्या घागरी भरून देई, आणि आया सणाला त्याच्याकडे पुरणपोळ्या धाडी. प्रत्येकजण आपल्या दोन रुपयांचं पाप फेडत होता.

"आन् मी तुमाला वांगी देत व्हतो!" ड्रेसर म्हणाला. त्याच्या आवाजात खरंच दुःख होतं. पुढे वांगी बंद झाली. उघड व्यवहाराचा पहिला फटका मला तो बसला.

मला वाटलं, बाई आता आमचा नाद सोडतील. त्यांनी पदर खोचला. मग उठल्या. "एकेकटं आत जातंय म्हणून ह्ये हुतंय," म्हणाल्या. "ह्या पगाराला समदी एकदम आत शिरायचं. एकानंबी भाईर ऱ्हायचं न्हाय."

डॉक्टरांनाही निरोप दिला होता. ते त्या दिवशी नेमके व्हिजिटला गेले. डॉक्टर अडचणीच्या दिवशी नेहमीच व्हिजिटला जात.

दिवस उन्हाळ्याचे. मुनीमाने पुकारलं, "कंपाउंडर!" आणि आम्ही पाचहीजण त्या खोलीत घुसलो. पुढे बाई, मागे मी, माझ्यामागे ड्रेसर मला ढकलतोय. एका माणसाची खोली ती. तात्या एका हातात माझे पैसे धरून उभे. कुणाच्या कानाशी जावं ते त्यांना कळेना.

"हे काय? सगळे? बरं, बसा, बसा," ते म्हणाले. बसायला जागा नव्हती. मी आपला सांगकाम्या माणूस, जवळच्या गोणपाट गुंडाळलेल्या ढेपेवर बसलो.

"तात्या," बाईंनी सुरुवात केली, "पाच रुपये महागाई. समद्यांना सारकी. आन् कुणाला काय मिळतं त्ये दवाखान्याच्या भिंतीला लावा. आमाला कानात सांगू नगा."

तात्या फार मऊ बोलत. दवाखाना धर्माचा आहे म्हणाले. सेवेचं काम आहे. कारखान्याशी बरोबरी करायची तर तिथे यंत्रं आहेत, इथे माणसं आहेत. कमिटीपुढे ठेवू, सावकाश बघू.

"सावकाश न्हाय," बाई म्हणाल्या. "आज हो म्हणा, न्हायतर आमी बिनपगारी माघारी निघालो. चला रं."

बाई दाराकडे निघाल्या, ड्रेसर वळला, आया आणि शिपाई दाराशी गेले. मीही उठलो. म्हणजे उठायला गेलो. उन्हाने गूळ पाझरला होता. गोणपाटाला धोतर आणि धोतराला मी, असा सगळा एकजीव झालेला. मी थोडा वर झालो, काहीतरी टरटरलं, मी परत खाली बसलो.

तात्या माझ्याकडे पाहत राहिले. सगळे निघाले, हा एकटा हलत नाही. 

"कंपाउंडर, तुम्ही तरी..."

मी नकारार्थी मान हलवली. मला म्हणायचं होतं, उठता येत नाही.

"इतकं ताणायचं?" तात्या म्हणाले. माझ्यासारखा मेंगळट माणूस ठाण मांडून बसला, याचा त्यांनी फार धसका घेतला. "बरं बाबा. या महिन्यात कमिटी बोलावतो. कागदही लावतो. आता उठा."

बाहेर आल्यावर हमालांनी धोतराची मागची बाजू पाहिली आणि जे हसले ते हसलेच. त्या दिवशी बाईही हसल्या. पायरीवर टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणाल्या, "कंपाउंडरभाऊ, तुमच्यावानी चिवट पुढारी कारखान्यात बी न्हाय."

कमिटी बसली. पाच रुपये मंजूर झाले. एक दिवस तात्यांनी स्वतः येऊन दवाखान्याच्या भिंतीला चौकटीतला कागद लावला. शाईने सुबक अक्षरात लिहिलेला. आम्ही भोवती जमलो. कंपाउंडर सत्तावन्न. ड्रेसर सत्तेचाळीस. शिपाई बत्तीस. आया सत्तावीस.

आयाला वाचता येत नव्हतं. "आन् बाईंचं?" तिने विचारलं.

नर्स कुठेच नव्हती.

"कमिटीचं असं मत पडलं," तात्या हळूच म्हणाले, "की वाढ द्यायची तर कुठेतरी हात आखडायला हवा. साधी बाळंतपणं आया करील. अडलंच तर पुण्याहून बोलावता येईल कुणी. बाईंनी हा महिना राहावं. बाईंबद्दल आम्हाला आदरच आहे." आणि बाईंकडे वळून म्हणाले, "तुम्हीच म्हणालात, उघड सांगा."

बाई कागदाकडे बघत होत्या. "अक्षर चांगलं हाय," एवढंच त्या बोलल्या, आणि बाहेर गाडी आली होती तिच्यात जाऊन बसल्या.

आता आम्ही चौघांनी काय केलं ते सांगतो. आम्ही चिडलो. खरोखरच चिडलो. दवाखान्याच्या मागे उंबराखाली जमलो आणि ठरवलं, की बाईंचं नाव कागदावर आल्याशिवाय माघार घ्यायची नाही. संप करू म्हणावं, तर औषध बंद कुणाचं करणार? रांगेतली माणसं ओळखीची, निम्मी सोयऱ्यातली. ड्रेसर म्हणाला, ड्रेसिंग थांबवलं तर त्याच्या सख्ख्या मामाचा पाय सडेल. तेव्हा आम्ही एकमताने असं ठरवलं, की काम चालू ठेवायचं आणि पगार घ्यायचा नाही.

पगाराच्या दिवशी छाती काढून आम्ही अडतीवर गेलो आणि तात्यांना सांगितलं, "बाईंना कागदावर घेत नाही तोवर आम्हाला पैसे नकोत."

तात्यांनी आमच्याकडे नीट पाहिलं. "काम?"

"काम करणार."

"बरं," तात्या म्हणाले आणि नोटा पेटीत परत ठेवल्या. या संपात नुकसान कुणाचं, हे त्यांना आमच्याआधी कळलं होतं.

बाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "अवो, ह्यो कसला संप? ह्यो तर उपास झाला!"

पण आम्ही इरेला पेटलो होतो. तो महिना गेला. तात्या घाईत नव्हते. बाईंना जा असंही म्हणेनात आणि राहा असंही म्हणेनात. बाई मुकाट्याने गाड्यांत बसून वस्त्यांवर जात होत्या. पुढचा महिना निम्मा झाला. आयाच्या घरी दोन वेळची चूल एक वेळेवर आली. शिपाई दुपारी कुणाच्या तरी मळ्यात बारं द्यायला, उसाला पाणी पाजायला जाऊ लागला. माझ्याकडे वाणी पूर्वी 'या रावसाहेब' म्हणे, तो आता नुसता 'या' म्हणू लागला. घरी बायको काही बोलत नव्हती. ती बोलत नाही तेव्हा मला फार ऐकू येतं.

एका सकाळी बाई माझ्या खिडकीशी आल्या. रांगेच्या बाजूने नाही, आतल्या बाजूने.

"कंपाउंडरभाऊ, पगार घ्या आता. समद्यांनी घ्या."

"तुमचं नाव लागल्याशिवाय नाही घ्यायचा. ठरलंय आमचं."

"माझं इंदापूरला ठरलंय. तितल्या दवाखान्यात जागा हाय. परवा जाते."

"म्हणजे तुम्ही आमच्यासाठी..."

"तुमच्यासाठी कशाला?" त्या खिडकीच्या चौकटीला टेकल्या. "मला कट्टाळा आला बगा."

"तिथे काय देणार?"

बाईंनी उत्तर द्यायला क्षणभर वेळ लावला. सांगायच्या आधी थांबलेलं मी त्यांना तेव्हाच पाहिलं. "पन्नास," त्या म्हणाल्या. "पर दोघी नर्सा हायेत तितं."

कमी पैशांवर चालल्या होत्या. आमच्या चुली पेटाव्यात म्हणून.  मी ड्रेसरला सांगितलं, त्याने आयाला सांगितलं, आणि दुपारपर्यंत बाईंनी आपल्यासाठी केवढा त्याग केला हे आमच्या तोंडून अर्ध्या गावाला कळलं होतं.

एसटीवर पोचवायला आम्ही चौघं गेलो. एक ट्रंक आणि एक वळकटी. आया गळ्यात पडून रडली. ड्रेसरने वांग्यांची पिशवी दिली. एसटी सुटता सुटता बाईंनी खिडकीतून डोकं काढून ओरडून सांगितलं, "पुढल्या खेपेला समद्यांनी एकदम आत जावा! आन् ढेपंवर बसू नगा!"

कागद भिंतीवर राहिला. पुढे रांगेतली माणसं तो वाचू लागली. एक म्हातारा वाचून झाल्यावर मला म्हणाला, "कंपाउंडर, एवढ्यात भागतं व्हय रं तुजं?" आणि त्या दिवसापासून मला 'अहो'चं 'अरे' झालं. सासुरवाडीचे एक पाहुणेही पोट दुखतं म्हणून आले आणि कागद वाचून बरे होऊन गेले.

आम्ही पुन्हा एकदम आत गेलो का, असं तुम्ही विचाराल. एकदा गेलो. दोन रुपये मिळाले. मग ड्रेसर भवानीनगरला निघून गेला, शिपाई थकला, आणि नवीन आले त्यांना सांगता सांगता माझाच उत्साह संपला. कुणीतरी पुढे उभं राहावं लागतं, आणि मी उभं राहणाऱ्यातला नाही. बसून राहण्यात एकदा नाव काढलं तेवढंच.

बाई गेल्यावर दोनेक वर्षांनी सासऱ्यांच्या जमिनीच्या उताऱ्यासाठी मला इंदापूरला कचेरीत जावं लागलं. काम अर्थातच झालं नाही. कचेरीतले भाऊसाहेब जेवायला गेलेले, ते जेवूनच राहिले. दुपारी मी एसटी स्टँडवर आलो. सोलापूरकडचे ट्रक हॉर्न वाजवत चाललेले, कंडक्टर ओरडताहेत, केळीवाल्या भांडताहेत. लिंबाच्या सावलीत एक बाकडं होतं. त्यावर बाई बसल्या होत्या.

पांढरं पातळ तेच. मांडीवर कातडी पिशवी, तिच्यावर दोन्ही हात. डोकं मागे झाडाच्या बुंध्याला टेकलेलं, तोंड थोडं उघडं. गाढ झोपल्या होत्या. केस बरेच पांढरे झाले होते. मी जवळ गेलो. 'बाई' एवढा शब्द तोंडापर्यंत आणला. एक माशी त्यांच्या गालावर बसली होती, तीही त्यांना कळत नव्हती. मी टोपीने माशी हाकलली. शब्द गिळला.

बराच वेळ तसाच उभा राहिलो असेन. लोक बघायला लागले. मग बारामतीची गाडी लागली आणि मी चढलो. गाडी स्टँडाबाहेर पडल्यावर माझ्या डोक्यात आलं, की बाईही गाडीसाठीच बसल्या असणार. कदाचित याच गाडीसाठी. पणदऱ्याला जायचं असेल. मी खिडकीतून मागे पाहिलं. मध्ये एक ट्रक आला होता.

त्यानंतर मला त्या दिसल्या नाहीत. कुणी म्हणे बार्शीकडे बदली झाली, कुणी म्हणे भावाकडे येऊन राहिल्या. कुणाला नक्की माहीत नव्हतं.

संध्याकाळी घरी आलो. बायको गवार मोडत बसली होती. मी उताऱ्याचं सांगितलंच नाही, आधी बाईंचं सांगितलं.  म्हणालो, "काय बाई होती! आमच्यासाठी पाच रुपये कमी घेऊन गेली. असा त्याग..."

"त्याग कसला?" ती गवारीवरून नजर न काढता म्हणाली. "दमल्या होत्या त्या. आपल्या धाकटीच्या वेळी माझ्याजवळ बसून तेच सांगत होत्या, की दुसरी नर्स मिळाली तर आठवड्यातून एक दिवस झोपेन. पगार नको, झोप हवीय म्हणाल्या. तुम्ही चौघं त्यांच्यासाठी उपाशी राहिलात. एकाने तरी कमिटीला म्हटलं का, की दुसरी नर्स आणा?"

मी टोपी खुंटीला अडकवली.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "उठवलं नाहीत ना पण?"

"नाही."

"मग बरं केलंत," ती म्हणाली. "एवढं तरी जमलं तुम्हाला."